निवडीच्या आधीची विचारपूस

सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली नवविवाहित जोडप्यांसाठी एक योजना सुरू केली होती. पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्या जोडप्याला ५,००० रुपये मिळणार होते, आणि ‘हनिमून पॅकेज’ या नावाने ती योजना इतकी गाजली की परदेशी वर्तमानपत्रांनीही तिची दखल घेतली. मी तेव्हाही साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. शिक्षकांच्या खोलीत, पोवई नाक्यावर बसची वाट पाहताना, नात्यातल्या लग्नांच्या पंगतीत त्या योजनेविषयी पुष्कळ बोलणे कानावर येई. पण पैसे कधी मिळतात आणि कागदपत्रे कोणती लागतात, इथे ते थांबे. ती दोन वर्षे कशाच्या आधाराने काढायची, आणि जो आधार घ्यायचा तो त्या मुलीच्या शरीराला मानवणारा आहे की नाही, हा प्रश्न निदान माझ्यासमोर तरी कुणी काढला नाही.

आजही माझ्याकडे येणाऱ्या माजी विद्यार्थिनी विचारतात ते असे, की मॅडम, गोळी कोणती चांगली? या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण गोळीचे चांगले-वाईट निम्मे गोळीत असते आणि निम्मे ती घेणारीच्या शरीरात. ज्या मुलींनी बारावीत माझ्यासमोर बसून पाळीच्या चक्राचा आलेख बिनचूक काढला होता, त्यांनाही तो आलेख म्हणजे आपल्याच शरीराची गोष्ट आहे, याची जोड लागलेली नसते. म्हणून कोणत्याही साधनाचे नाव घेण्याआधी मी त्या आलेखाकडे परत जाते.

मेंदूतील अधश्चेतक ठरावीक अंतराने पीयूषिका ग्रंथीला संदेश पाठवतो, पीयूषिका एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते, आणि त्यांच्या प्रभावाने बीजांडकोशात एक पुटिका वाढू लागते. ही वाढणारी पुटिका इस्ट्रोजेन तयार करते, त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होते. इस्ट्रोजेन एका उंचीला जाऊन तिथे दीड-दोन दिवस टिकले, की पीयूषिकेतून एलएचची मोठी लाट येते आणि त्यानंतर साधारण दीड दिवसात बीजांड बाहेर पडते. मागे उरलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन देतो. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड आटतो, दोन्ही संप्रेरके एकदम खाली येतात आणि अस्तर गळून पडते. तीच पाळी. यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की चक्राचा उत्तरार्ध बऱ्यापैकी ठरलेला असतो आणि पूर्वार्ध मात्र जागरण, आजारपण, वजनातील चढउतार अशा कारणांनी मागेपुढे होतो. बीजांड जेमतेम एक दिवस जगते, पण शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. ‘सुरक्षित दिवस’ मोजून निभावणाऱ्या घरांचे अंदाज चुकतात ते या मागेपुढे होणाऱ्या पूर्वार्धामुळे.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे संप्रेरक) ही दोन्ही असलेली एकत्रित गोळी या साऱ्या संवादात वरच्या टोकाला हस्तक्षेप करते. सरकारी केंद्रात मोफत मिळणाऱ्या माला-एन गोळीत ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते. रोज येणारी ही थोडीशी मात्रा पीयूषिकेला पुरेशी वाटते, ती एफएसएच आणि एलएच आवरते घेते, एलएचची लाट येतच नाही आणि बीजांड सुटत नाही. शिवाय गर्भाशयाच्या मुखाशी असणारा स्राव दाट होतो आणि अस्तर पातळ राहते. पाकिटातल्या २८ गोळ्यांपैकी शेवटच्या सात लोहाच्या असतात. त्या दिवसांत होणारा रक्तस्राव हा संप्रेरकांचा पुरवठा थांबल्यामुळे झालेला असतो, चक्र पूर्ण झाल्यामुळे नव्हे. म्हणूनच ‘गोळीने माझी पाळी नियमित झाली’ असे कुणी म्हणते तेव्हा मी सावधपणे ऐकते. पीसीओडी, म्हणजे पाळी लांबवणारा आणि पुरुषी संप्रेरके वाढवणारा बीजांडकोशाचा विकार, असलेल्या मुलीला गोळीने फायदा होतो हे खरे आहे, कारण इस्ट्रोजेनमुळे यकृत एक विशिष्ट प्रथिन जास्त बनवते, ते रक्तातील मोकळे टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवते आणि मुरुमे, चेहऱ्यावरची लव कमी होते. पण मूळ प्रवृत्ती तशीच राहते, आणि गोळी बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबली तर त्याचा दोष गोळीला देण्यात अर्थ नसतो.

इथे यकृताचा उल्लेख आला, आणि निवडीच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग तोच आहे. शरीरातले नैसर्गिक इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार, गिळले तर त्याचा बहुतांश भाग यकृतातच नष्ट होतो. म्हणून १९३८ साली जर्मनीत त्याच्या रेणूला एक छोटा गट जोडून यकृतातून तगून निघणारे एथिनिल इस्ट्राडिओल बनवले गेले. त्याच्या या चिवटपणामुळे तोंडावाटे घेण्याची गोळी शक्य झाली, आणि त्याच चिवटपणामुळे यकृत रक्त गोठवणारे घटक थोडे अधिक तयार करू लागते. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेनच्या वर्गातले मेस्ट्रॅनॉल ०.१५ मिलिग्रॅम आणि जोडीचे प्रोजेस्टिन तब्बल १० मिलिग्रॅम होते. आजच्या मात्रा त्यामानाने फारच लहान आहेत, तरी धोका शून्यावर आलेला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या आकड्यांनुसार गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला १ ते ५ जणींच्या शिरांमध्ये गुठळी होते, एकत्रित गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींच्या, आणि गरोदरपणात ५ ते २० जणींच्या. गोळीला घाबरवणारे पहिले दोन आकडे सांगतात आणि तिसरा गाळतात. गोळीची भलामण करणारे तिसराच पुढे करतात. तिन्ही एकत्र ठेवले तर दिसते ते असे, की बहुसंख्य तरुण, निरोगी स्त्रियांना गोळी सुरक्षित आहे आणि काही थोड्या जणींना ती मुळीच देता कामा नये. त्या थोड्या जणी कोण, हे विचारपूस केल्याशिवाय कळत नाही.

माझी एक भाची कोरेगावला असते. तिचे लग्न ठरले तेव्हा तिने औषधाच्या दुकानातून एकत्रित गोळ्यांचे पाकीट आणून ठेवले होते. मैत्रिणीला त्या मानवल्या होत्या, एवढाच त्यामागचा आधार होता. माझ्याकडे राहायला आलेली असताना तिने मला ते दाखवले. तिला शाळेपासून डोकेदुखीचा त्रास आहे हे माहीत असल्याने मी विचारले, “डोकं दुखायच्या आधी काही जाणवतं का गं?”

ती म्हणाली, “आधी डोळ्यांपुढं नागमोडी रेघा चमकतात, एका बाजूचं दिसेनासं होतं. मग अर्ध्या तासानं ठणका सुरू होतो. पण डोकेदुखीचा आणि ह्याचा काय संबंध, मावशी?”

संबंध फार जवळचा आहे. दृष्टीतले हे बदल आधी होऊन मग येणारी अर्धशिशी ही साध्या अर्धशिशीपेक्षा वेगळी मानली जाते, कारण अशा स्त्रियांमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा अडून पक्षाघात होण्याचा धोका मुळातच थोडा अधिक असतो आणि बाहेरून दिलेले इस्ट्रोजेन तो आणखी वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा स्त्रियांसाठी एकत्रित गोळी पूर्ण वर्ज्य आहे, मग वय कितीही असो. मी तिला साताऱ्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी आधी रक्तदाब पाहिला, मग तिला शांतपणे विचारत गेल्या: घरात कुणाच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती का, कावीळ होऊन गेली का, पाळीत किती दिवस आणि किती जाते, सध्या कोणती औषधे चालू आहेत, मूल साधारण कधी हवे आहे. या विचारपुशीला फार वेळ लागला नाही. मात्र ती दुकानाच्या फळीपाशी उभे राहून होण्याजोगी नव्हती.

तशीच विचारपूस प्रत्येकीची व्हावी, आणि आपल्या भागात तिच्यात काही गोष्टींची भर पडावी असे मला वाटते. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने एकत्रित गोळी घेऊ नये असा नियम आहे, आणि आपल्याकडच्या बायका ‘मी कुठे सिगारेट ओढते?’ असे म्हणून तो प्रश्न निकालात काढतात; पण माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत सकाळी मिश्री लावणाऱ्या बायका घरोघरी आहेत, आणि मिश्री ही तंबाखूच आहे, तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते. ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. क्षयरोगाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधे यकृताला गोळीतली संप्रेरके लवकर मोडायला लावतात, त्यामुळे गोळी नेमाने घेऊनही दिवस राहू शकतात. घरात क्षयाचे औषध लपवून घेतले जात असेल तर हा धागा कुणाच्याच हाती लागत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने इस्ट्रोजेन असलेली गोळी सहसा देत नाहीत.

गौरी-गणपती, मांढरदेवची यात्रा किंवा घरातले लग्न जवळ आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मागायला दुकानांत गर्दी होते. या गोळीत ५ मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन असते, ती दिवसातून तीनदा घेतली जाते, आणि ती केवळ प्रोजेस्टेरॉनच्या जातीची असल्याने निरुपद्रवी आहे असा समज आहे. प्रत्यक्षात नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडिओलमध्ये बदलतो, आणि दिवसाला १५ मिलिग्रॅम घेताना तो भाग दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. म्हणजे जिला एकत्रित गोळी वर्ज्य, तिने ही गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नये. माझ्या भाचीने लग्नाच्या आधीच्या वर्षी सणासाठी ती घेतली होती. अशा रीतीने घेतलेल्या या गोळीवर गर्भनिरोधनासाठी विसंबताही येत नाही, हे तर पुष्कळ जणींना माहीतच नसते. देवाधर्मासाठी पाळी ढकलावी की नाही, यावर माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. पण ज्या घेतात त्यांना निदान हे ठाऊक असावे.

इस्ट्रोजेन नको असेल तरी मार्ग बरेच आहेत, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. ‘अंतरा’ या सरकारी इंजेक्शनमध्ये केवळ प्रोजेस्टिन असते आणि ते दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. रोजची आठवण नको, घरात पाकीट दिसायला नको, अशा स्त्रीला ते फार सोयीचे पडते. सुरुवातीला मधूनच डाग पडतात, आणि पुढे वर्षभरात जवळजवळ निम्म्या जणींची पाळी थांबते. पाळी थांबली की ‘घाण अंगात साठते’ ही धास्ती सासू-सुनांना सारखीच असते, आणि तिच्यापायी कितीतरी जणी दुसरे इंजेक्शन घेतच नाहीत. साठण्यासारखे तिथे काही तयारच झालेले नसते, कारण अस्तर वाढलेले नसते. पहिल्या इंजेक्शनच्या आधीच एवढे समजावून सांगितले, तर ती धास्ती धरत नाही असा माझा अनुभव आहे. खरा विचार करायला हवा तो दुसऱ्या गोष्टीचा. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. जिला वर्षभरातच मूल हवे आहे तिच्यासाठी हे योग्य साधन नव्हे. दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनताही थोडी उतरते, आणि ते थांबवल्यावर बहुतांशी भरून येते.

‘छाया’ ही आठवड्याची गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधली. तिच्यातील सेंटक्रोमॅन हे संप्रेरक नाही, म्हणून तिला संप्रेरकविरहित म्हणतात. तरीही तिचे काम इस्ट्रोजेनशी संबंधितच आहे, कारण पेशीवर इस्ट्रोजेन जिथे जाऊन बसते ती जागा ती अडवते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यायची असते. तिच्यामुळे पाळी लांबू शकते. पीसीओडी असलेल्या किंवा नुकतीच कावीळ झालेल्या स्त्रीला ती देत नाहीत.

भाचीने तांबी निवडली. मूल न झालेल्या मुलीला तांबी बसवत नाहीत, हा समज तिच्या आईला सोडायला वेळ लागला. पण डॉक्टरांनी हरकत नसल्याचे सांगितले, आधी हिमोग्लोबिन तपासून घेतले आणि पहिल्या काही पाळ्यांत रक्तस्राव व दुखणे वाढेल याची कल्पना दिली. तांब्याच्या साधनात संप्रेरक नसते, त्यामुळे चक्र आपल्या गतीने चालू राहते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, म्हणून ज्यांना मुळातच भरपूर जाते त्यांना मात्र तांबी सोसेलच असे नाही. त्यांच्यासाठी लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारे, गर्भाशयात बसवायचे साधन असते. त्यात ५२ मिलिग्रॅम औषध असते, सुरुवातीला दिवसाला सुमारे २० मायक्रोग्रॅम इतके कणाकणाने सुटते, मुख्यतः गर्भाशयातच काम करते आणि रक्तस्राव कितीतरी कमी करते. हे मी जरा आग्रहाने सांगते, कारण आपल्या ऊसपट्ट्यात जास्त जाते म्हणून पस्तिशीतच ‘पिशवी काढून टाकलेल्या’ बायका मी पाहिल्या आहेत. बीडकडच्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला २०१९ साली समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले गेले तर इस्ट्रोजेन एकदम खाली येते, आणि तरुणपणीच हाडे व हृदय दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. औषध सोडणाऱ्या अशा साधनाने यांतल्या काही जणींची पिशवी वाचली असती.

मनाविषयी बोलायला आपण सर्वांत जास्त कचरतो. माझी एक विद्यार्थिनी लग्नानंतर गोळी सुरू केल्यापासून विनाकारण रडत असे. घरचे म्हणत, सासर नवीन आहे, होईल सवय. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संप्रेरक असलेली साधने वापरणाऱ्यांमध्ये नैराश्यावरची औषधे सुरू होण्याचे प्रमाण अधिक आढळले, आणि किशोरवयीन मुलींमध्ये ते सर्वांत ठळक होते. असा संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, आणि बहुतेक जणींना हा त्रास होतही नाही. तरीही जिला होतो तिचे म्हणणे खोटे ठरवण्याचा अधिकार कुणाला नाही. त्या मुलीने डॉक्टरांच्या सल्ल्याने साधन बदलले. रडणे थांबले. त्यात गोळीचा वाटा किती आणि सरावलेल्या सासरचा किती, ते सांगता येणार नाही, पण तिचे ऐकून घेतले गेले हे मला मोलाचे वाटते.

अलीकडे प्रयोगशाळांच्या जाहिरातींमुळे मुली साधन निवडण्याआधी ‘हार्मोन प्रोफाइल’ करून येतात. त्याची सहसा गरज नसते. एकत्रित गोळीआधी रक्तदाब पाहणे आवश्यक आहे, रक्तातली संप्रेरके मोजणे नाही. पाळी फारच अनियमित असेल तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासणे योग्य; एफएसएच आणि एलएच पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान पाहिले तरच त्यांचा अर्थ लागतो, आणि गोळी चालू असताना केलेल्या तपासणीत गोळीचाच परिणाम दिसतो. त्यापेक्षा काही महिन्यांच्या पाळीच्या तारखा, किती गेले, डोके कधी दुखले, मन कसे होते, हे वहीत लिहून नेलेले डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते. असुरक्षित संबंधानंतर घ्यायच्या आणीबाणीच्या गोळीच्या बाबतीतही चक्राचा दिवस महत्त्वाचा असतो. १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची ती गोळी ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी चांगली. पण ती बीजांड सुटणे लांबवते, त्यामुळे एलएचची लाट येऊन गेली असेल तर तिचा उपयोग फारसा होत नाही. महिन्यामागून महिना तिच्यावरच भिस्त ठेवणाऱ्या मुलींना मी आलेखातली ती लाट बोटाने दाखवते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि पुढे १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत या विषयावर मराठीत मासिक चालवले. त्यांच्या हयातीत गोळी बाजारात आलेली नव्हती, तरी साधनापाठीमागचे शास्त्र वाचकाला समजले पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. आज राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रियांचे कुटुंब नियोजन एकाच साधनावर, म्हणजे स्वतःच्या ऑपरेशनवर, येऊन थांबते. पुरुषांची नसबंदी शेकडा एकही भरत नाही. ऑपरेशनने नलिका बंद होतात, बीजांडकोश मात्र पूर्वीप्रमाणेच काम करतात आणि संप्रेरके बदलत नाहीत. ‘ऑपरेशननंतर पाळी बिघडली’ असे सांगणाऱ्या जणींमध्ये आधी वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याही असतात. त्यांची गोळीने हलकी केलेली पाळी जाऊन स्वतःची मूळ पाळी परत आलेली असते. हे त्यांना आधी सांगितले असते तर त्या ऑपरेशनला दोष देत बसल्या नसत्या.

चाळिशीनंतर चक्राचा पूर्वार्ध आखडू लागतो, एफएसएच वर-खाली होते, एखादा महिना बीजांड सुटते आणि एखादा महिना नाही. पाळी दोन महिने चुकली म्हणून ‘आता गेली’ असे समजून साधन सोडणाऱ्या स्त्रियांना याच वयात नको असलेले दिवस राहतात. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर त्यानंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे, असा सल्ला दिला जातो. मी सध्या याच टप्प्यावर आहे. रक्तदाब औषधावर आहे, म्हणून इस्ट्रोजेन असलेली गोळी माझ्यासाठी नाही. माझी तांबी चाळीस उलटल्यावर बसवलेली असल्याने पाळी कायमची जाईपर्यंत ती ठेवायला हरकत नाही, असे माझ्या डॉक्टरांचे मत आहे, आणि पाळीच्या तारखांची वही मी दर तपासणीला सोबत नेते.